घरच्या कार्यशाळेत मोझेक आणि हाताने घडवलेल्या सिरॅमिक टाइल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर दोन कामांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत : माती लाटून, कापून, भाजून टाइल तयार करणे आणि टाइल, काच किंवा दगडाच्या तुकड्यांतून मोझेक मांडणे. दोन्ही कामे स्वतंत्रपणे करता येतात. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे : दोष दिसतो एका टप्प्यावर आणि तो निर्माण झालेला असतो त्याच्या आधीच्या टप्प्यावर. त्यामुळे पुढील बऱ्याच उत्तरांत प्रश्नाच्या एक पायरी मागे जावे लागले आहे.

भट्टी नसताना सुरुवात करता येईल का?

मोझेकला भट्टी लागतच नाही. तयार टाइल्स, फुटलेली चिनी मातीची भांडी, रंगीत काच आणि संगमरवराचे तुकडे एवढ्यावर ते काम उभे राहते. स्वतःच्या टाइल्स घडवायच्या असतील, तर त्या घरी तयार करून पूर्ण वाळवाव्यात आणि दुसऱ्या कार्यशाळेच्या भट्टीत भाजून घ्याव्यात. तसे करताना माती आणि ग्लेझ (टाइलवर वितळून काचेसारखा बसणारा लेप) कोणत्या तापमानाची आहेत, हे भट्टी चालवणाऱ्याला लेखी द्यावे, कारण कमी तापमानाची माती जास्त तापमानाच्या भाजणीत गेली तर ती वितळून भट्टीच्या फळीला चिकटते आणि शेजारच्यांचे कामही नासते.

हवेवर वाळणारी माती किंवा घरगुती ओव्हन हा भट्टीला पर्याय नाही. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान बाहेर पडते आणि त्यानंतरच माती पाण्यात पुन्हा विरघळेनाशी होते. घरगुती ओव्हन त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

टाइलसाठी कोणती माती निवडावी?

घरगुती कामात प्रामुख्याने दोन प्रकार येतात. अर्दनवेअर ही साधारण १००० ते ११५० अंशांवर भाजली जाणारी माती भाजल्यानंतरही सच्छिद्र राहते. तिच्यावर रंग उजळ उठतात आणि घरातील भिंतीसाठी ती उत्तम असते. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांवर भाजली जाते, घट्ट होते, पाणी फारच कमी शोषते आणि म्हणून ओलाव्याच्या किंवा उघड्यावरच्या जागी तीच योग्य ठरते.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा ग्रॉगचा आहे. ग्रॉग म्हणजे आधीच भाजलेल्या मातीचा भुगा. तो पुन्हा आकसत नाही, त्यामुळे तो मिसळलेली माती कमी आकसते, तिच्यातून ओलावा समान रीतीने बाहेर पडतो आणि टाइल वाकण्याचे प्रमाण घटते. चाकावर भांडी घडवण्यासाठीची गुळगुळीत, लोण्यासारखी माती हाताला सुखद वाटते, पण सपाट टाइलसाठी ती बहुधा त्रासदायक ठरते. पृष्ठभाग नितळ हवा असेल तर ग्रॉगयुक्त मातीवर त्याच मातीच्या वस्त्रगाळ घोळाचा पातळ थर द्यावा.

१० सेंटिमीटरची टाइल हवी असेल तर कच्ची माती किती मापाची कापावी?

माती वाळताना एकदा आणि भाजताना पुन्हा एकदा आकसते. एकूण आकुंचन मातीनुसार बदलते आणि स्टोनवेअरमध्ये ते अनेकदा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असते. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. आपल्या मातीची एक पट्टी लाटून तिच्यावर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ कोरावी आणि पट्टी नेहमीच्या तापमानाला भाजून ती रेघ पुन्हा मोजावी. रेघ ८.८ सेंटिमीटर भरली तर आकुंचन १२ टक्के झाले.

पुढचा हिशेब करताना बहुतेक जण चुकतात. १० सेंटिमीटरमध्ये १२ टक्के मिळवून ११.२ सेंटिमीटर कापणे बरोबर नाही, कारण टक्केवारी मोठ्या, म्हणजे कच्च्या मापावर लागू होते. १० ला ०.८८ ने भागावे; उत्तर साधारण ११.४ सेंटिमीटर येते. भाजल्यानंतर एका टाइलमध्ये हा फरक जेमतेम दीड मिलिमीटर उरतो आणि नगण्य वाटतो, परंतु भिंतीवर २० टाइल्सची ओळ लावल्यावर तो जवळपास तीन सेंटिमीटर होतो.

टाइल्स वाकतात, कडा वर उचलल्या जातात. असे का होते?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे खापर जवळजवळ नेहमी भट्टीवर फोडले जाते. प्रत्यक्षात वाकण्याची बीजे लाटण्याच्या आणि वाळवण्याच्या वेळीच पडलेली असतात. भट्टी ती फक्त उघड करते.

पहिले कारण असे की मातीला स्मृती असते. लाटलेला थर एका कडेने उचलून दुसरीकडे नेला, तो मध्ये झोळासारखा लोंबला आणि मग फळीवर सपाट दाबला, तर तो दिसायला सपाट होतो, पण त्यातील चपट्या कणांची मांडणी त्या वळणानुसार बदललेली असते आणि भाजताना तेच वळण परत येते. म्हणून थर कापडावर किंवा फळीवरच लाटावा, हलवायचा असेल तर दोन फळ्यांमध्ये धरून उलटवावा आणि टाइल कापल्यावर ती ओली असताना हाताने उचलूच नये. लाटताना एकाच दिशेने जोर लावला तर माती त्या दिशेने जास्त ताणली जाते आणि चौकोनाचा आयत होतो. त्यासाठी दर काही फेऱ्यांनी थर फिरवावा, उलटवावा आणि शेवटी दोन्ही बाजू रबराच्या किंवा लाकडी पट्टीने चांगल्या दाबून घ्याव्यात.

दुसरे कारण वाळवणीचे. टाइलच्या कडा वरून आणि बाजूने अशा दोन अंगांनी हवेला उघड्या असतात, मधला भाग एकाच बाजूने. कडा आधी वाळतात, आधी आकसतात आणि वर उचलल्या जातात. नंतर मधला भाग आकसू लागतो तेव्हा घट्ट झालेल्या कडा त्याला हलू देत नाहीत. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे टाइल्स दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये ठेवणे. बोर्ड खालून-वरून सारखाच ओलावा शोषतो आणि त्याचे वजनही टाइल सपाट ठेवते. कापलेल्या बोर्डाच्या कडांना चिकटपट्टी लावून घ्यावी, कारण बोर्डातील प्लास्टरचा कण मातीत मिसळला तर भाजल्यानंतर काही काळाने तो ओलावा शोषून फुगतो आणि टाइलचा टवका उडतो. बोर्ड मिळत नसेल तर जाळीच्या फळीवर टाइल्स ठेवून, कडांवर प्लास्टिकच्या पट्ट्या झाकून, रोज उलटवत हळूहळू वाळवाव्यात. पंखा, ऊन आणि घाई या तीन गोष्टी टाळाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण लाटण्याच्या कौशल्यापेक्षा इथला संयम अधिक टाइल्स वाचवतो, असे आमचे ठाम मत आहे.

मागच्या बाजूला उभ्या-आडव्या खाचा पाडण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्या चिकटवताना पकड देतात आणि वाळवणीला थोडा हातभार लावतात. मात्र वर सांगितलेल्या दोन कारणांवर तो उपाय नाही.

जाडी किती असावी?

१० ते १५ सेंटिमीटरच्या टाइलला ८ ते १० मिलिमीटर जाडी पुरते. दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले की थर आपोआप एकसारखा येतो.

उठावाचे नक्षीकाम असलेल्या अनेक टाइल्स एकसारख्या कशा घडवाव्यात?

एक मूळ नमुना मातीत कोरावा आणि त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यावा. वजनाने १०० भाग प्लास्टरला साधारण ७० भाग पाणी हे प्रमाण चालते. नेहमी पाण्यात प्लास्टर शिंपडावे, प्लास्टरमध्ये पाणी ओतू नये. नमुन्यातील प्रत्येक उठाव वरच्या दिशेने निमुळता असला पाहिजे. कोठेही आत वळलेली कड राहिली तर माती साच्यात अडकते. साचा पूर्ण वाळल्यावर त्यात माती मध्यापासून कडांकडे दाबत न्यावी, मागची बाजू तारेने सपाट कापावी आणि माती स्वतःहून सुटेपर्यंत थांबावे. साचा ओला झाला की माती सोडत नाही, म्हणून सलग काम करायचे असल्यास दोन-तीन साचे आळीपाळीने वापरणे सोयीचे पडते.

दोनदा का भाजावे लागते आणि तापमान कसे ठेवावे?

पहिली, म्हणजे कच्ची भाजणी साधारण १००० ते १०६० अंशांवर होते. तिच्यामुळे टाइल हाताळण्याइतकी कणखर होते, तरीही ग्लेझचे पाणी शोषण्याइतकी सच्छिद्र राहते. दुसऱ्या भाजणीत ग्लेझ वितळून काचेसारखे बसते.

पहिल्या भाजणीत १०० अंशांच्या आसपास घाई केल्यास आत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन टाइल फुटते; म्हणून भट्टी ८० ते ९० अंशांवर काही तास रोखून ठेवणे शहाणपणाचे असते. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्यांचे आकारमान एकदम थोडे वाढते, तर थंड होताना ते तितकेच घटते. भांड्यापेक्षा टाइलला याचा धोका अधिक असतो, कारण टाइल सर्व अंगाने फळीवर टेकलेली असते. जाड फळी उष्णता धरून ठेवते आणि टाइलच्या कडा मध्यभागाच्या आधी निवतात, तेव्हा एकाच टाइलचा काही भाग ५७३ अंशांच्या वर आणि काही खाली असतो. स्वच्छ, धारदार कडांची सरळ चीर बहुधा याच वेळी पडते. उतरते तापमान या टप्प्यातून सावकाश नेणे आणि झाकण लवकर न उघडणे, एवढीच काळजी पुरते. फळीवर ॲल्युमिनाच्या न वितळणाऱ्या पांढऱ्या भुकटीची किंवा बारीक ग्रॉगची विरळ चिमूट पसरली की आकसणारी टाइल अडकून न राहता सरकू शकते.

भट्टीवरचा तापमानाचा आकडा पूर्ण सत्य सांगत नाही. माती पिकते ती तापमान आणि वेळ या दोन्हींच्या एकत्रित परिणामाने, आणि तो परिणाम मोजण्यासाठी ठरावीक टप्प्यावर वाकणारे कोन नावाचे छोटे शंकू टाइल्सच्या शेजारी ठेवतात. फळ्यांच्या प्रत्येक मजल्यावर एक शंकू ठेवल्यास भट्टीचा कोणता कोपरा थंड राहतो, हेही कळते.

ग्लेझचे दोन रंग एकमेकांत मिसळू नयेत यासाठी काय करावे?

रंगांच्या मध्ये बांध घालावा लागतो. एक मार्ग म्हणजे टाइल अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट असताना तिच्यावर मातीच्या घट्ट घोळाची बारीक उंच रेघ नळीतून ओढणे आणि भाजल्यावर तिच्यामुळे झालेल्या कप्प्यांत ग्लेझ भरणे. दुसरा मार्ग स्पेनमधील जुन्या टाइल-कामात दिसतो : तेलकट द्रव्यात मँगनीज मिसळून बाह्यरेषा ओढायच्या. पाण्यात कालवलेले ग्लेझ तेलकट रेषेपासून दूर राहते आणि भाजल्यावर तेल जळून मँगनीजची काळपट रेघ उरते. दुसऱ्या पद्धतीला हात स्थिर हवा, पण रेषेत जी सहजता येते ती नळीच्या रेघेत क्वचितच साधते.

विजेच्या भट्टीत तांब्यापासून हिरवा, कोबाल्टपासून निळा आणि लोहापासून मधाळ ते तपकिरी रंग मिळतो. कोबाल्ट इतके तीव्र असते की ग्लेझमध्ये एक टक्काही गडद निळ्यासाठी पुरतो.

ग्लेझवर जाळीसारख्या चिरा पडल्या. टाइल वापरावी का?

निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले की ते ताणले जाते आणि त्यावर अशा चिरा उमटतात. कधी त्या भट्टी उघडल्यावर लगेच दिसतात, तर कधी काही महिन्यांनी, कारण सच्छिद्र माती हवेतील ओलावा शोषून किंचित फुगते आणि ग्लेझला आणखी ताण देते. कोरड्या भिंतीवर अशी टाइल लावायला हरकत नाही. कित्येकांना ती जाळी आवडते. न्हाणीघरात आणि ओट्यामागे मात्र तिच्यातून पाणी व डाग आत जातात. ग्लेझमध्ये सिलिकाचे (वाळूतील मुख्य घटकाचे) प्रमाण वाढवणे हा नेहमीचा उपाय आहे.

घरात काम करताना कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठा धोका कोरड्या धुळीचा आहे. मातीत आणि ग्लेझच्या भुकटीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार होऊ शकतो. म्हणून कार्यशाळेत झाडू वापरू नये. ओल्या फडक्याने पुसावे. वाळलेल्या टाइलच्या कडा घासण्याऐवजी ओल्या स्पंजाने गोल कराव्यात आणि भुकट्या कालवताना एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावावा. ज्या खोलीत झोपतो किंवा जेवतो त्या खोलीत हे काम करूच नये.

भाजताना मातीतून कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायू निघतात. भट्टीच्या खोलीला बाहेर हवा फेकणारा पंखा हवा, भट्टी आणि भिंत यांत किमान ४५ सेंटिमीटर अंतर हवे आणि विजेची जोडणी स्वतंत्र हवी. शिसेयुक्त ग्लेझ घरी वापरू नये. मातीचे पाणी मोरीत ओतू नये; बादलीत निवळू द्यावे, वरचे पाणी काढून घ्यावे आणि तळाचा गाळ वाळवून पुन्हा मळावा.

मोझेकसाठी तुकडे कसे तोडावेत?

सिरॅमिक आणि काचेसाठी दोन चाकांची निपर-पक्कड सर्वांत सोयीची असते. टाइल जबड्यात पूर्ण आत न सरकवता तिची कड थोडीशीच धरावी. चीर चाकांच्या रेषेत पुढे धावते. दगड आणि जाड काच हातोडी व पाचरीवर तोडतात : लाकडाच्या ठोकळ्यात उभ्या रोवलेल्या धारदार पाचरीवर तुकडा धरायचा आणि बरोबर तिच्या वरच्या रेषेत हातोडीचा हलका घाव घालायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. फुटक्या टाइल्सचे अनियमित तुकडेही गौण नाहीत. बार्सिलोनातील पार्क ग्युएलचा प्रसिद्ध वळणदार बाक, जो वास्तुशिल्पकार गाउदी यांच्यासोबत त्यांचे सहकारी जुजोल यांनी सजवला, तो अशाच तुकड्यांचा आहे.

तुकडे मांडण्याचे काही नियम आहेत का?

मोझेक चांगले दिसते की नाही, हे रंगांपेक्षा ओळींच्या प्रवाहावर अधिक अवलंबून असते, आणि नवशिक्यांच्या कामात नेमके त्याकडे दुर्लक्ष होते. आकृतीची बाह्यरेषा आधी लावावी, तिच्याबाहेर पार्श्वभूमीच्याच रंगाच्या एक-दोन ओळी तिला समांतर फिरवाव्यात आणि मगच उरलेली पार्श्वभूमी सरळ ओळींत भरावी. रोमन कारागीर हेच करत, आणि त्या एका जास्तीच्या ओळीमुळे आकृती पार्श्वभूमीपासून सुटी दिसते. वळणावर चौकोनी तुकडे तसेच ठेवले तर बाहेरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी पडतात. तिथे तुकड्याची आतली कड थोडी कापून घ्यावी. चार सांधे एका बिंदूत येऊ देऊ नयेत आणि कडेला जागा उरली म्हणून नखाएवढा तुकडा कोंबू नये. त्याआधीचे तीन-चार तुकडे किंचित लहान करून ती जागा वाटून घ्यावी.

सगळे तुकडे एका पातळीत असणे फक्त जमिनीवर आवश्यक आहे. इटलीतील रावेन्नाच्या सहाव्या शतकातील चर्चमध्ये सोनेरी काचेचे तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत तिरपे बसवले आहेत, त्यामुळे पाहणारा चालू लागला की भिंतीवरचा प्रकाश हलतो. भिंतीवरच्या कामात ही मोकळीक अवश्य घ्यावी.

तुकडे थेट चिकटवावेत की कागदावर उलटे मांडावेत?

थेट पद्धतीत प्रत्येक तुकडा शेवटच्या जागीच बसतो. काम दिसत राहते आणि पृष्ठभाग जिवंत राहतो. जमिनीसाठी किंवा टेबलाच्या पाटीसाठी उलटी पद्धत बरी : जाड कागदावर चित्राचे प्रतिबिंब काढावे, पाण्यात विरघळणाऱ्या खळीने तुकडे पालथे चिकटवावेत, मग तो कागद ओल्या सिमेंटी अॅडहेसिव्हवर दाबावा आणि पकड आल्यावर कागद भिजवून काढावा. तुकड्यांची जाडी कमी-जास्त असली तरी वरची पातळी एकसारखी येते.

कशावर आणि कशाने चिकटवावे?

कोरड्या जागेत टांगायच्या कामाला प्लायवूड किंवा एमडीएफ आणि पांढरा पीव्हीए गोंद चालतो. ओलाव्याशी संबंध येणार असेल तर दोन्ही नकोत : लाकूड फुगते आणि साधा पीव्हीए ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो. तिथे फायबर सिमेंट बोर्ड आणि पॉलिमरमिश्रित सिमेंटी अॅडहेसिव्ह वापरावे. पारदर्शक काचेखाली ते पांढरेच हवे, कारण राखाडी थर काचेतून दिसतो आणि रंग मरतो. सिमेंट क्षारीय असल्याने हातमोजे घालावेत. सच्छिद्र पृष्ठभाग आधी ओलसर करून घ्यावा, नाहीतर तो अॅडहेसिव्हमधील पाणी ओढून घेतो आणि तुकडे नंतर सुटतात.

दरजा कशा भराव्यात आणि ग्राउटचा रंग कोणता घ्यावा?

ग्राउट म्हणजे तुकड्यांमधल्या दरजांत, म्हणजे फटींत, भरण्याचे मिश्रण. तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद दरजांना बिनवाळूचे ग्राउट घ्यावे, रुंद दरजांना वाळूचे. काच आणि चकाकी असलेला संगमरवर वाळूने ओरखडतो. ग्राउट घट्टसर कालवावे. पाणी जास्त झाल्यास ते कमकुवत होते आणि रंग फिका पडतो. ते सर्व दिशांनी दाबून भरावे, थोडे घट्ट झाल्यावर जेमतेम ओल्या स्पंजाने दरजांना तिरपे पुसावे आणि उरलेली पांढुरकी झाक दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने काढावी. ग्लेझ नसलेल्या टाइल्सना आधी सीलर (छिद्रे बंद करणारे द्रव्य) लावावे, नाहीतर ग्राउटचा रंग त्यांत मुरतो. एक-दोन दिवस ग्राउट ओलसर राहू दिले तर ते अधिक कणखर होते.

पांढरे ग्राउट चित्रावर जाळे टाकते आणि तुकड्यांचे रंग फिके करते. गडद ग्राउट रंग उजळवते, पण हलक्या रंगांचे तुकडे सुटे-सुटे पाडते. खात्री नसेल तर मध्यम राखाडी घ्यावे. काही तुकडे वेगळ्या फळीवर लावून दोन-तीन रंग करून पाहणे सर्वांत चांगले, कारण भरलेली दरज पुन्हा कोरून काढणे हे अतिशय जिकिरीचे काम आहे.

माझी टाइल बाहेर टिकेल का, हे कसे ओळखावे?

ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा कोरडा वजन करावा, काही तास पाण्यात उकळावा, तसाच पाण्यात निवू द्यावा, पुसून पुन्हा वजन करावा आणि वाढलेले वजन मूळ वजनाच्या किती टक्के आहे ते काढावे. २०० ग्रॅमचा तुकडा २०४ ग्रॅम झाला तर शोषण २ टक्के. जिथे पाणी गोठते अशा हवामानात ३ टक्क्यांहून कमी शोषण असावे, कारण बर्फ होताना पाणी फुगते आणि सच्छिद्र टाइलचे थर सोलून काढते. हिमपात नसलेल्या ठिकाणी ही मर्यादा इतकी कडक नाही, पण पाणी मोझेकवर साचू नये म्हणून पृष्ठभागाला थोडा उतार द्यावा.

बसवलेला तुकडा निखळला तर दुरुस्ती कशी करावी?

जागेतील जुने अॅडहेसिव्ह आणि कडेचे ग्राउट छिन्नीने खरवडून खळगा तुकड्याच्या जाडीपेक्षा किंचित खोल करावा, धूळ ओल्या कुंचल्याने काढावी, तुकडा नव्या अॅडहेसिव्हने बसवावा आणि २४ तासांनी त्याच ग्राउटने दरज भरावी. खरी अडचण तुकड्याच्या रंगाची येते, कारण तेच ग्लेझ दुसऱ्या भाजणीत सहसा हुबेहूब तसे उतरत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या त्याच भाजणीतील काही जादा टाइल्स आणि थोडे कोरडे ग्राउट हवाबंद डब्यात, तारीख व भाजणीचे तापमान लिहून ठेवावे.